नळाच्या चावीचा कौल

शके अठराशे सत्तावन्न, युवानाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी. मुक्काम सोलापूर, पेठ उत्तर कसबा. या दिवशी सकाळी दिवाणी न्यायालयाचे निवृत्त नाझर धोंडीराम यांच्या राहत्या घराच्या परसात नळाची एक बंद चावी उघडण्याच्या कामास आरंभ झाला, आणि आरंभ होताच ते काम थांबले.

ते का थांबले हे सांगण्यापूर्वी त्या चावीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. रस्त्याखालच्या मोठ्या नळातून घरात येणारा लोखंडी नळ परसाच्या भिंतीलगत जमिनीतून हातभर वर निघाला होता, आणि त्याच्या मानेवर पितळेची एक जाड चावी बसविलेली होती. ती एका बाजूस फिरविली की घरात आणि परसातल्या तोटीला पाणी येई, दुसऱ्या बाजूस फिरविली की थांबे. एके काळी ती रोज फिरत असे. पुढे धोंडीरामांच्या माळकरी आईला कोणी सांगितले की नळाच्या आत चामड्याची चकती असते. आणि त्या दिवसापासून त्या बाईने नळाच्या पाण्याला बोट लावले नाही. धोंडीरामांनी आईशी वाद घातला. चामड्याने पाणी विटाळते असे धरले तर मोटेचे पाणीही वर्ज्य ठरते, कारण मोट चामड्याचीच असते, आणि मोटेच्या पाण्यावर पिकलेल्या जोंधळ्याची भाकरी तर त्याहून वर्ज्य ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. आईने मुद्दा शांतपणे ऐकून घेतला आणि भाकरी सोडली. दुसऱ्याच दिवशी धोंडीरामांनी चावी बंद केली, ती चुकून कोणी उघडू नये म्हणून तिची वरची मूठही काढून ठेवली, आणि घर आडाच्या पाण्यावर चालू लागले. पुढे आई गेली. मागोमाग पत्नी सोनाबाई गेली. चावी बंद होती ती बंदच राहिली, कारण आडाला पाणी होते आणि घरात पाणी वापरणारी माणसे थोडीच उरली होती.

एकुलती मुलगी विजयमाला टेंभुर्णीस दिलेली होती. तिच्या लग्नानंतर धोंडीरामांना कोणती गोष्ट सर्वांत अधिक जाणवली असेल, तर ती ही की घरात वाद घालण्यास कोणी राहिले नाही. मुलीला वडिलांचे एकही विधान तपासल्यावाचून पुढे जाऊ देण्याची सवय नव्हती. ते म्हणत, आज उकाडा फार आहे. ती म्हणे, कालपेक्षा फार की नेहमीपेक्षा फार? त्यावर बापलेकींची जेवणे थंड होत. आता धोंडीराम जे बोलत ते सर्व मान्य होई. आडावर पाणी ओढणारी केराबाई "व्हय" म्हणे, दूधवाला "खरं हाय" म्हणे, आणि वाक्य हवेत तसेच राही. गेल्या उन्हाळ्यात विजयमाला चार दिवसांसाठी आली, तेव्हा आडाचे पाणी तळाला जाऊन गढूळ झाले होते. तिला जुलाब लागले आणि टेंभुर्णीस परत नेईपर्यंत ती काडीसारखी झाली. यंदा ती पहिलटकरीण होती. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत, आणि त्यासाठी केमहून धोंडीरामांची थोरली बहीण तानाबाई येऊन राहणार होती. परंतु व्याही आबासाहेबांनी निरोप पाठविला की आडाच्या पाण्यावर आम्ही सून पाठवणार नाही, तुमच्या नळाला पाणी आले की कळवा, मी स्वतः आणून पोचवतो. मात्र अक्षय्यतृतीयेच्या आत कळवा. त्यानंतर तिला आठवा लागतो, आणि आठव्यात आमच्या घरच्या गर्भार बाईला नदी ओलांडू देत नाहीत. टेंभुर्णी आणि सोलापूर यांच्या मध्ये सीना होती.

निरोप आला त्या दिवशी धोंडीरामांनी माजघरातली बाजेची सुंभे काढून नवी विणावयास टाकली, आणि मडिवाळप्पा नळवाल्यास बोलावणे धाडले.

मडिवाळप्पा हा कानडी बोलणारा, पोट सुटलेला, आणि आपल्या हातांविषयी फार चांगले मत असलेला गृहस्थ होता. खांद्यावरची हत्यारांची पिशवी सावरीत तो परसात आला, भिंतीपाशी गेला, वाकला, आणि तसाच मागे सरकला.

"अय्यो! साहेब, इथं चावी कुठं आहे? इथं तर देव आहे!"

त्याचे म्हणणे असत्य नव्हते. चावी दिसतच नव्हती. तिच्या जागी शेंदराचा एक लालभडक, तेलाने चकाकणारा गोळा होता; त्याच्यापुढे उदबत्तीची राख, वाळलेले फूल, आणि भंडाऱ्याची पिवळी रेघ होती. हे काम केराबाईचे.

केराबाई सांगोल्याकडची, मेंढक्या घरातली. पाचसहा उन्हाळ्यांपूर्वी दुष्काळात तिचा नवरा हरिबा मेंढरे घेऊन अक्कलकोटच्या पलीकडे कानडी मुलखात चाऱ्याच्या शोधात निघाला. केराबाई तेव्हा तापाने फणफणलेली होती. धोंडीरामांच्या मागल्या दारी सावली पाहून त्याने तिला तेथे बसविले आणि सांगितले, "हितनं हलू नगंस. मी येतो." तो आला नाही. ती हलली नाही. धोंडीरामांनी तिला परसातली पडवी दिली. ती आडाचे पाणी ओढी आणि अंगण सारवी. पहिल्याच दिवसांत तापाच्या भरात भिंतीला टेकून पडली असता तिला चावी घुमताना ऐकू आली. रस्त्याच्या नळाला पाणी सुटे त्या वेळी बंद चावीवर त्याचा दाब पडे, आणि पितळेतून घोंगावल्यासारखा एक बारीक आवाज निघे. केराबाईच्या गावी बिरोबा असाच घुमत असे. तिने चावीला तेल घातले. ताप उतरला. तेव्हापासून दर रविवारी आणि दर अवसेला शेंदराचा एक लेप चढत गेला.

"केराबाई," धोंडीराम म्हणाले, "ही नळाची चावी आहे, हे तुला ठाऊक आहे ना?"

"व्हय की. मला काय येडी समजलासा? चावीच हाय."

"मग तिच्यात देव कसा?"

"देव दगडात असतोय, तवा तुमी इचारलं न्हाय दगडाला, की तू दगड हायेस का म्हून." केराबाईने पदर खोचला. "अन ह्या मडिवाळप्पाला सांगा, चपला घालून उबा हाय तो माज्या देवाम्होरं."

मडिवाळप्पाने घाईने चपला काढल्या. मग धोंडीरामांना बाजूला घेऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही हुकूम करा. घर तुमचं, चावी तुमची. मी डोळे मिटून घण घालतो. पण हुकूम तुमचा पाहिजे हं. उद्या माझा हात वाकडा झाला तर मला माझ्या तोंडानं सांगता आलं पाहिजे की नाझरसाहेबांनी करायला लावलं."

हुकूम करणे धोंडीरामांना कठीण नव्हते. हुकमांची बजावणी हाच त्यांचा जन्मभराचा व्यवसाय होता. जप्ती करणे, कुलूप लावणे, घराचा ताबा घेऊन तो दुसऱ्याच्या हाती देणे, ही कामे त्यांनी या जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांत केली होती. परंतु या कामात त्यांचा स्वतःचा एक नियम होता, जो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. ज्याचे घर जायचे त्याने आपले देव आपल्या हाताने हलविल्याखेरीज ते उंबरा ओलांडीत नसत. कोणी तासात हलवी, कोणी दिवसभर देवापुढे बसून राही. धोंडीराम बाहेर ओट्यावर थांबत. वरिष्ठांनी त्यांच्यावर या दिरंगाईबद्दल एकदा ठपका ठेवला. त्यावर त्यांनी लेखी उत्तर दिले की न्यायालय ताबा देण्यास सांगते, देव उचलण्यास सांगत नाही. आणि जे सांगितलेले नाही ते करण्याचा अधिकार नाझरास नाही.

आता कोणी म्हणेल की परक्याच्या घरी पाळावयाचा नियम स्वतःच्या परसात लागू करण्याचे कारण काय? धोंडीरामांनी स्वतःस हाच प्रश्न केला होता. त्यांना त्याचे असे उत्तर सुचले की जो नियम आपले नुकसान होईल तेथे सुटतो, तो नियम नव्हताच. उत्तर सुचल्यावर त्यांना ते आवडले नाही, पण खोडून काढता येईना.

"केराबाई, मालाला बाळंतपणाला आणायचे आहे," ते म्हणाले. "त्यासाठी पाणी हवे, आणि पाण्यासाठी ही चावी मोकळी झाली पाहिजे. तुझा देव तू कधी हलवतेस?"

केराबाईने चावीपुढची राख बोटाने गोळा केली. विजयमालेवर तिचा जीव होता, लग्नापूर्वी ती मुलगी येताजाता या चावीला हळदकुंकू लावून, "काय हो बिरोबा, आज काही बोलला का?" अशी थट्टा करी, आणि केराबाई तिला राखेचा अंगारा लावी.

"यावं की पोरीनं," ती शेवटी म्हणाली. "माहेर हाय तिचं. पर सायेब, त्यो हितं ठिवून गेला मला. ह्याच देवाच्या अंगाला. देव हितनं हलला, अन त्यो आला, तर त्याला जागा कशी कळंल?"

"मी आहे ना सांगायला. घर तेच आहे, दार तेच आहे."

"तुमी सांगशीला. पर त्यानं इचारायला तर पायजे कुनाला? त्यो लाजरा हाय लई. रस्त्यानं बघत जाईल; बिरोबा दिसला तर थांबंल, न्हाय तर तसाच फुडं जाईल." ती उठली. "मी न्हाय ठरवत. कौल लावते. देव म्हनला तर हलवीन."

कौल लावण्याची रीत अशी, की देवाच्या ओल्या शेंदरावर उजव्या आणि डाव्या अंगाला जोंधळ्याचा एकेक दाणा चिकटवावयाचा. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कौल रविवारी किंवा अवसेलाच लागतो, मधल्या दिवशी लागत नाही, हेही केराबाईने स्पष्ट केले. धोंडीरामांनी पुराव्याच्या दृष्टीने या पद्धतीवर काही आक्षेप घेतले. एका दाण्याचे वजन दुसऱ्याइतके नसते, उन्हाची बाजू आधी सुकते, इत्यादी. केराबाईने "व्हय" म्हटले आणि रविवारची वाट पाहू लागली. मडिवाळप्पा पिशवी घेऊन गेला.

मधल्या दिवसांत धोंडीरामांनी बाज विणून घेतली, चिमणीची काच पुसली, डिंक आणि खारीक आणून डब्यात भरली, आणि विजयमालेला उंच उशी लागते हे आठवून कापूस पिंजून घेतला. दुपारच्या उन्हात घर शांत असे. माजघरातून जाताना त्यांना अनेकदा वाटे की आतून कोणी विचारले, "कशावरून?" ते थांबत, आणि उत्तर तयार असूनही ते कोणाला द्यावे हे न कळून पुढे जात.

रविवार उजाडला. केराबाईने न्हाऊन, तेल ओतून, शेंदराचा ताजा लेप चढविला आणि दोन दाणे लावले. दिवसभर ती आणि धोंडीराम समोर बसून राहिले. ऊन आले, गेले. दोन्ही दाणे जागचे हलले नाहीत.

"केराबाई, तेल जरा कमी घालायचे होते. एवढ्या तेलात मीसुद्धा चिकटून बसेन."

"देवाला तेल मोजून घालत्यात व्हय?"

"मग हा काय कौल समजायचा?"

"इचार करतोय त्यो. तुमच्यावानीच हाय, लई इचार करतोय."

धोंडीरामांना हसू आले, पण ते फार टिकले नाही. आता अवस उरली होती. आणि तिच्यामागे लगेच अक्षय्यतृतीया.

अवसेच्या सकाळी केराबाईने पुन्हा दाणे लावले. या वेळी धोंडीरामांच्या लक्षात आले की तिने तेल थोडेसेच घातले आहे. दुपारी तिला तळ्याकाठच्या देवळात नारळ द्यायला जावयाचे होते. जाताना ती म्हणाली, "तुमी राखा. कावळा येऊ दिऊ नगासा. तुमच्याबिगर कुनावर इस्वास न्हाय माजा." आणि ती गेली.

धोंडीराम छत्री उघडून एकटे चावीपुढे बसले. कोणी पाहत नव्हते. उजवा दाणा त्यांच्या बोटापासून हातभर अंतरावर होता. त्याला नखाचा स्पर्श झाला असता, तर मडिवाळप्पा संध्याकाळपूर्वी येता, उद्या पाणी, परवा निरोप, आणि विजयमाला आठव्याच्या आत या घरात. त्यांनी हात मांडीखाली धरून ठेवला. मग त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. त्यांनी चावीला उद्देशून बोलावयास आरंभ केला. प्रथम ते नेहमीप्रमाणे मुद्दे मांडू लागले: की हा मार्ग पाण्याचा आहे, की पाण्याला त्याचा मार्ग देणे कोणत्याही देवाच्या विरुद्ध जाणार नाही, की केराबाईचा नवरा जिवंत असेल तर तो देव पाहून नव्हे, केराबाईस पाहून येईल. पण मध्येच वाक्य तुटले, आणि त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, "तिला येऊ दे रे. घरात फार शांत आहे."

त्याच सुमारास रस्त्याच्या नळाला पाणी सुटले. चावीतून तो बारीक, घोंगावणारा आवाज निघू लागला. इतकी वर्षे त्या घरात राहून धोंडीरामांनी तो कधी कान देऊन ऐकला नव्हता. शेंदराचा गोळा अगदी किंचित थरथरत होता. आणि ते पाहत असताना उजवा दाणा सुटला व राखेत पडला.

केराबाई परत आली तेव्हा ते उठून उभे होते.

"पडला?" तिने विचारले.

"उजवा पडला. पण ऐक. मी हात लावला नाही, वारा नव्हता, कावळा नव्हता. पाणी सुटले, चावी थरथरली, म्हणून दाणा पडला. कारण हे आहे. याला कौल म्हणता येईल की नाही, हे तू ठरव. मला तो कौल वाटत नाही."

केराबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिले. आपल्याच मुलीच्या येण्याच्या आड असा मुद्दा आणून ठेवणारा माणूस तिने दुसरा पाहिला नसावा.

"सायेब, देव आनी कसा हालतो मग?" ती म्हणाली. "उजवा पडला न्हवं? झालं."

तिने खाली बसून शेंदराच्या गोळ्यावर दोन्ही तळहात ठेवले. इतक्या वर्षांच्या लेपांचे ते जाड कवच कडेने हळूच उकलीत तिने अखंड उतरविले, पदरात घेतले, आणि पडवीत नेऊन कोनाड्यात ठेवले. खालून काळपट, हिरवट पडलेली पितळेची चावी निघाली. केराबाई परत येऊन तिच्याकडे पाहत राहिली आणि मग तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पाने चपला अंगणाबाहेरच काढल्या. त्याने चावीच्या मानेवर रॉकेल सोडले, थोडा वेळ मुरू दिले, स्टोव्ह पेटवून ज्योत चावीच्या भोवती फिरविली, वरून लाकडी हातोड्याने हलके हलके ठोके दिले.

"पितळ म्हणजे रुसलेली बायको, साहेब. जोर केला की अजून घट्ट बसते. गरम करायचं, समजूत घालायची, मग आपोआप."

"तुजी बायको कितींदा समजुतीनं आली रं?" केराबाईने विचारले.

"माझी कधी रुसतच नाही."

"बोलतच नसंल तुज्यासंगं."

मडिवाळप्पाने चावीच्या दांडीला पाना लावला आणि समजुतीचा सिद्धांत विसरून दोन्ही हातांनी जोर केला. काडकन आवाज झाला. पाना त्याच्या हातात होता, दांडीचे टोक पान्यात होते, आणि चावी जागच्या जागी बंद.

"अय्यो," तो म्हणाला. "आतून खाल्लं होतं हो. माझा दोष नाही."

"तुजा कसा आसंल? जोर तर मी केला," केराबाई म्हणाली.

आता चावी मोकळी करण्याचा प्रश्न उरला नाही. ती बदलावी लागणार होती. नळ दोन्ही बाजूंनी कापून जुनी चावी सबंध काढावयाची आणि नवी बसवावयाची, तर त्या वेळी रस्त्याचे पाणी बंद हवे. आणि रस्त्याचे पाणी नळखात्याच्या माणसाखेरीज कोणी बंद करू शकत नाही. धोंडीराम छत्री घेऊन त्याच उन्हात कचेरीत गेले. तेथला कारकून सौजन्याने वागला. अक्षय्यतृतीयेस लोक पाण्याचे घट दान देतात, त्या दिवसांत पेठेचे पाणी थांबविता येणार नाही. सण झाला की पहिले काम तुमचे, असे त्याने सांगितले. धोंडीरामांना या म्हणण्यात कोठेही दोष सापडला नाही. शोधून पाहिला, सापडला नाही. ते घरी परतले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

सण झाल्यावर नळखात्याच्या माणसाने शब्द पाळला. मडिवाळप्पाने या खेपेस फारसे न बोलता करवतीने नळ कापला, कापल्या तोंडांना आटे पाडले, आट्यांवर सफेदा लावून तागाचे धागे गुंडाळले, आणि नवी पिवळीधमक चावी घट्ट बसविली. जुनी त्याने केराबाईच्या हातात दिली. ती तिने पडवीच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल अशा बेताने, एका दगडावर ठेवली आणि काढून ठेवलेले कवच तिच्यावर जसेच्या तसे बसविले. पुढे पाणी सुटण्याच्या वेळी ती तिच्याशेजारी कान लावून बसली.

"काय म्हणतो?" धोंडीरामांनी विचारले.

"काय न्हाय. गप हाय." तिने कान काढला नाही.

इकडे नव्या चावीने एक फेरा घेतला. नळ प्रथम खोकला, मग तांबडे, गंजाचे पाणी भस्सकन आले. ते हळूहळू फिके होत गेले आणि शेवटी अगदी स्वच्छ झाले. धोंडीरामांनी ओंजळ धरली. विजयमाला लहान असताना याच तोटीच्या तोंडावर अंगठा दाबून सगळे परस भिजवी, आणि पाणी वाया जाते असे म्हटले की विचारी, "वाया म्हणजे कुठे?" त्यांनी ओंजळ तशीच धरून ठेवली, पाणी बोटांतून जात राहिले. मग आत जाऊन त्यांनी टेंभुर्णीस चार ओळी लिहिल्या. तिथी होऊन गेली हे त्यांना ठाऊक होते. परंतु तिथी आणि महिना यांचा हिशेब कोठून धरावा याविषयी मतभेदास जागा आहे, असे त्यांनी स्वतःशी ठरविले होते.

पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आबासाहेब आले. एकटेच आले. कुर्डुवाडीपर्यंत मोटारीने आणि पुढे आगगाडीने आलेला तो धिप्पाड, सौम्य माणूस घामाने भिजला होता. हातात आंब्यांची करंडी होती. धोंडीरामांनी त्यांना बसू दिले नाही. तसेच परसात नेले, चावी फिरवून दाखविली, तांब्या भरून हातात दिला. आबासाहेब घटाघटा पाणी प्याले, तांब्या पुन्हा भरून पुन्हा प्याले.

"गोड आहे हो. आमच्याकडं असं नाही."

"आता माजघर बघा." धोंडीरामांनी बाज दाखविली, उशी दाखविली, खिडकी दाखविली. "तानाबाईला कळवले आहे. ती केव्हाही येईल. तुम्ही मालाला कधी आणता?"

आबासाहेबांनी बाजेवर बसून टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाझरसाहेब, आठवा लागला."

"लागला असे कोण म्हणते? महिना तिथीने धरायचा की..."

"आईनं धरलाय. तिच्यापुढं पंचांग चालत नाही."

"बरे, लागला असे धरू. मनाई कशाला आहे? नदी ओलांडायला. आता मला सांगा, गाडी पुलावरून जाते. बाई गाडीत बसलेली. तिचा पाय पाण्याला लागत नाही, काठाला लागत नाही, खिडकी लावून घेतली तर नदी तिला दिसतही नाही. मग नदी कोणी ओलांडली? पुलाने ओलांडली! पूल तर बांधल्या दिवसापासून ओलांडूनच उभा आहे."

आबासाहेब हसले, पण ते हसणे ओठांपुरतेच होते. "हे सगळं सूनबाईंनी आईला सांगून झालं. अगदी हेच. पूलसुद्धा."

धोंडीराम खिडकीपासून वळले. "ती बोलली? असे बोलली?"

"असंच. आई म्हणाली, बापावर गेलीये. आणि मग सूनबाई रडायला लागल्या, म्हणून मी निघालो. पत्रानं कळवणं बरं दिसलं नसतं."

बाहेर केराबाई नळाखाली कळशी लावून बसली होती. कळशी भरून वाहू लागली तरी तिने चावी बंद केली नाही. पाणी अंगणातून वाट काढीत आडाकडे चालले होते.

"आठवा सरला की?" धोंडीरामांनी विचारले. "नवव्यात?"

"नवव्यात पहिलटकरणीला कोण हलवतं, नाझरसाहेब? तुम्हीच सांगा." आबासाहेब उठले, टोपी डोक्यावर ठेवली, आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळंतपण टेंभुर्णीलाच होईल. बारशाला तुम्ही या. विजयमाला या खेपेला येणार नाही."